महिन्याचे वीकेंड आधीच वाटून टाका

आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यामुळे शनिवार उजाडला की "आज काय करायचं" यावरच दुपार व्हायची आणि मग वैतागून कुठल्यातरी मॉलमध्ये पार्किंग शोधत फिरायचं. आता एक तारखेलाच कालनिर्णयवर खुणा करतो.

बँकेला दुसरा नि चौथा शनिवार सुट्टी, म्हणून पहिला शनिवार बँक आणि मंडईचा, आणि त्या रविवारी लोळायचं, बास.

दुसरा वीकेंड सिंहगड. इथे एकच सांगते, पहाटे साडेपाचला घर सोडा, पुण्यापासून जेमतेम ३० किलोमीटर आहे पण नऊनंतर, त्यातून पावसाळ्यात, घाटात गाड्यांची अशी रांग लागते की गड राहतो बाजूला आणि दोघांचं भांडण तेवढं होतं (आमचं झालंय, दोनदा). आतकरवाडीतून चालत चढलात तर पार्किंगची कटकट पण नाही, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन अकराच्या आत खाली. तेवढं जमत नसेल तर पर्वती आहेच, १०३ पायऱ्या, पोहे खायला घरी परत.

तिसरा आईबाबांचा, एक महिना माझे एक महिना त्याचे, यात सूट नाही.

चौथा मात्र मुद्दाम रिकामा ठेवायचा, कुणी लग्न, मुंज, वास्तुशांत काढलीच तर त्यात बसते. पाचवा आला तर ज्याचा वाढदिवस जवळ असेल तो ठरवणार. गेल्या वेळी नवऱ्याने दोन्ही दिवस झोपून काढले.