पावसाळ्यातली चेनची करकर कशी घालवली: माझा अनुभव

पावसात सायकल चालवून चालवून चेन नुसती करकर करत होती आणि चढाला पेडल मारलं की गिअर सटकायचा. सगळे सांगतात तेल सोड, पण चिखलावर तेल सोडलं की त्याचा काळा लगदाच होतो ना!

क्विक लिंक (चेन जोडणारी, उघडता येणारी कडी) उघडून चेन काढली, बाटलीत थोडं डिझेल घेऊन त्यात टाकून खळखळ हलवली, काळंकुट्ट पाणी निघालं, परत नवीन डिझेल, मग साबणाचं पाणी आणि उन्हात कडकडीत वाळवली. खरी घाण मात्र मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) त्या 2 छोट्या चाकांवर असते, तिथून स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तर अक्षरशः पापुद्रे निघाले.

मग चेन झिजून लांबली का ते स्टीलच्या पट्टीने मोजलं. नव्या चेनच्या 12 पूर्ण लिंक (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक) बरोब्बर 12 इंच भरतात, 1/16 इंच जास्त भरली की चेन बदलायची, 1/8 झाली तर बहुतेक कॅसेटपण (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) गेली समजा. माझी चेन थोडक्यात वाचली.

तेल प्रत्येक रोलरवर एकच थेंब, आतल्या बाजूने, पेडल उलटं फिरवत, आणि थोड्या वेळाने बाहेरचं सगळं जुन्या बनियनने पुसून टाकायचं. डिस्क ब्रेकवर तेल उडू देऊ नका, पॅड वाया जातात. करकर गेली, गिअरही सटकत नाही आता.