खिडकी मोठी केली की आतले रकानेही ताणले जावेत

देवगडच्या एका आंबा बागायतदारासाठी विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवरच्या प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात) केलेला पेट्यांच्या नोंदीचा फॉर्म माझ्या १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर नेटका दिसत होता. त्यांच्या १९२० × १०८० च्या पडद्यावर मात्र सारे रकाने डाव्या वरच्या कोपऱ्यात गोळा झाले, कारण प्रत्येक कंट्रोलचा (रकाना, बटण अशा फॉर्मवरच्या घटकाचा) अँकर, म्हणजे खिडकीच्या ज्या कडांपासूनचे त्याचे अंतर कायम राहते त्या कडा, मुळात ‘टॉप, लेफ्ट’ (वरची आणि डावी) एवढाच असतो.

१. नोंदींच्या ग्रिडला (तक्त्याला) चारही बाजूंचा अँकर द्यावा.

२. ‘जतन करा’ आणि ‘छापा’ या बटणांना ‘बॉटम, राइट’ द्यावा. ती न ताणता कोपऱ्यासोबत सरकतात.

३. ‘हापूस’ आणि ‘पायरी’ यांसारख्या शेजारी-शेजारी असलेल्या रकान्यांना डावा-उजवा अँकर दिला, तर ते ताणले जाऊन एकमेकांवर चढतात (मी आधी नेमके तेच केले होते). त्यांना टेबललेआउटपॅनेलमध्ये (कंट्रोल ओळी-स्तंभांत मांडणाऱ्या चौकटीत) ठेवून स्तंभांची रुंदी ५०-५० टक्के करावी, रकान्यांचा डॉक ‘फिल’ ठेवावा, म्हणजे ते आपापला कप्पा पूर्ण भरतात, आणि पॅनेलला ‘टॉप, लेफ्ट, राइट’ अँकर द्यावा.

यातून अक्षरे मोठी होत नाहीत, फक्त चौकटी वाढतात. फॉर्मचा मिनिममसाइज (किमान आकार) ठरवून ठेवावा. नाहीतर खिडकी फार लहान केल्यावर बटणे ग्रिडच्या वरच्या रकान्यांवर जाऊन बसतात.