‘चेकेड’, ‘वॉकेड’ म्हणता? या चुका टाळा

म्हापशात संध्याकाळी मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. मुलं बहुतेक मराठी शाळेतून आलेली. कुणाला कळंगुटच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागायचंय, कुणाला शिपवर जायचंय. इंटरव्ह्यूची तयारी सुरू झाली की ‘आय चेकेड द रूम’, ‘दे कॉलेड मी’ हे ऐकू येतंच. भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी ईडी (-ed) लिहिलंय म्हणून ‘एड’ म्हणायचं, ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक.

या ईडीचे उच्चार तीन: ट, ड आणि इड. गळ्यावर दोन बोटं ठेवून मूळ क्रियापदाचा शेवटचा ध्वनी म्हणा. क, प, फ, स, श, च म्हणताना गळा थरथरत नाही, तिथे ट: चेक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. थरथर जाणवली किंवा शेवटी स्वर असला तर ड: कॉल्ड, क्लीन्ड, स्टेड. यात परकं काही नाही. ‘विपद्’ आणि ‘काल’ यांचा ‘विपत्काल’ होतो, कारण कठोर क शेजारी आला की द चा त होतो. आपल्या जिभेला ही सवय आधीपासून आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

‘इड’ फक्त ट किंवा ड नंतर: वॉन्टिड, नीडिड. तिथे मधे स्वर घातला नाही तर दोन सारखे ध्वनी एकमेकांत मिसळतील.

स्पेलिंगवर मात्र विसंबू नका. ‘लाफ’च्या शेवटी जीएच आहे, पण कानाला फ येतो, म्हणून लाफ्ट. ‘प्रॉमिस’चं प्रॉमिस्ट, पण ‘क्लोज’चं क्लोज्ड, एस दोन्हीकडे आहे.

‘एड’ सुटलं की मुलं शेवट गिळूनच टाकतात, आणि हे जास्त नडतं. ‘आय वर्क्ट इन अ रिसॉर्ट’ऐवजी ‘आय वर्क’ म्हणालात, तर समोरच्याला वाटणार तुम्ही अजून तिथेच आहात. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ट, ड त्याला जोडून टाका: ‘चेक्ट इन’ म्हणजे चेक-टिन, ‘कॉल्ड अस’ म्हणजे कॉल-डस. ध्वनी हरवत नाही आणि जीभही अडखळत नाही.

‘मस्त’, ‘शब्द’ म्हणताना आपण शेवटी बारीकसा अ सोडतो. तो ‘स्टॉप्ट’मागे लावू नका. ट म्हणून तोंड तिथेच थांबवा.

काही विशेषणं या नियमात बसत नाहीत: नेकिड, विकिड, विद्वान या अर्थी लर्निड. गोव्यात यातलं एक सगळ्यांच्या कानावरचं आहे. गोव्याचे ख्रिस्ती धर्मगुरू जोसेफ वाझ 2015 मध्ये संत घोषित झाले, त्याआधी 1995 पासून त्यांच्या नावामागे ‘ब्लेसिड’ लागायचं. क्रियापद असेल तेव्हा मात्र ब्लेस्ट: ‘द प्रीस्ट ब्लेस्ट द बोट.’