पाणी निवळलं, रंग मात्र मुळांवर होता

इचलकरंजीत वाढलेल्याला रंगाचं पाणी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. प्रोसेसच्या (कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या) मागच्या गटारीतून आज लाल, उद्या निळं पाणी वाहताना बघतच मी मोठी झाले. त्यामुळे एम.एस्सी.ला प्रकल्प निवडताना पंचगंगेतलं केंदाळ (जलपर्णी) वापरून असं पाणी साफ करायचं, हे आपसूकच ठरलं. तुमच्यातले काही जण हाच विषय घेऊन बसले असतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिला प्रयोग मिथिलीन ब्लू या निळ्या रंगावर केला. बादलीत स्वच्छ धुतलेली रोपं सोडली आणि दुसऱ्या दिवशी पाणी जवळजवळ नितळ! ६६४ नॅनोमीटरला, म्हणजे हा रंग ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वांत जास्त शोषतो तिथे, रीडिंग पार खाली आलेलं. त्याच पद्धतीने मी चार महिने आकडे गोळा केले. मग एकदा दुसऱ्या विभागातल्या बाई प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी एक रोप उचललं, मुळं उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हे निळं काय आहे?"

मुळांच्या झुबक्यातला तंतू न् तंतू निळा झाला होता. चार महिन्यांच्या आकड्यांवरून रंगाचा रेणू तुटला की रंग मुळांना नुसता चिकटला, हे मला सांगता येईना. त्या रात्री मी खूप रडले.

इथे नीट लक्ष द्या. मिथिलीन ब्लू धनभारित, मुळांच्या पेशीभित्तिका ऋणभारित. रंग मुळांवर जाऊन बसतोच. त्यासाठी रोप जिवंत असण्याचीही गरज नाही. शिवाय हा रंग उजेडात थोडा आपोआप फिका पडतो. म्हणून पहिल्या दिवसापासून तीन बादल्या लावा: एक बिनारोपाची, एक मेलेल्या रोपांची, एक जिवंत रोपांची. रंग तोच, उजेड तोच, रोपांचं वजन तेच. मेलेल्या आणि जिवंत रोपांची रीडिंग जवळजवळ सारखी आली, तर तुम्ही रंग चिकटताना बघताय. शेवटी मुळं आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये भिजवून त्यात उतरलेला रंगही मोजा. किती घातला, पाण्यात किती उरला, मुळांवर किती सापडला, हा हिशोब वहीत मांडा. हिशोबात न लागणारा भाग तेवढा तुटला असण्याची शक्यता, तीही बिनारोपाच्या बादलीतली घट वजा करून. आणि केंदाळ पानांवाटे भरपूर पाणी हवेत सोडतं. बादलीवर खूण करून रीडिंगआधी ऊर्ध्वपातित पाण्याने पातळी भरून घ्या, नाहीतर उरलेला रंग घट्ट होऊन आकडा चुकतो.

तीन बादल्यांनी काम तिप्पट होतं, तरी घाबरू नका. मला नव्याने सगळं करायला सात आठवडे लागले, चार महिने नाही.

खऱ्या सांडपाण्याकडे मात्र घाईने वळू नका. रिॲक्टिव्ह रंगाच्या (सुती कापडाच्या धाग्याशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगाच्या) बाथमध्ये, म्हणजे रंगवण्याच्या पाण्यात, लिटरमागे कित्येकदा ५० ग्रॅमच्या वर मीठ असतं, वर सोडा ॲश. माझी रोपं दोन दिवसांत तपकिरी पडून गळाली. पीएच आधी सातच्या आसपास आणा, साध्या पाण्यात दहा टक्के सांडपाणी मिसळून सुरुवात करा, रोपांना सवय होऊ द्या. हे रंग ऋणभारित असतात, मुळांना तितके चिकटत नाहीत. वनस्पतीची एन्झाइम्स काय करतात ते इथे कळायला लागतं. शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर बरंच काम छापलंय, पेरॉक्सिडेज आणि लॅकेज या एन्झाइम्सचं मोजमाप त्यातून शिका.

नमुने बाहेर पाठवून एफटीआयआरचा (पदार्थातले रासायनिक बंध ओळखणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या चाचणीचा) आलेख मागवायचा आणि प्रबंधात चिकटवायचा, ही पळवाट मला अजिबात पटत नाही. कुठला पट्टा कशाचा हे सांगता येत नसेल तर तो आलेख काढून टाका. मार्गदर्शक निवडतानाही नावाकडे बघू नका. आठवड्यातून एकदा तरी बादलीत हात घालणारा माणूस शोधा. माझ्या सरांनी रोपं कधी पाहिलीच नव्हती.

आणखी एक. ॲझो रंगाचा (ज्याच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा दुवा असतो अशा रंगाचा) हा बंध तुटला की ॲरोमॅटिक अमाइन्स तयार होऊ शकतात. त्यांना रंग नसतो, विष असू शकतं. म्हणून मी निवळलेल्या पाण्यात मूग भिजवले, शेजारी नळाच्या पाण्यातले. पहिल्या खेपेला नितळ दिसणाऱ्या पाण्यातल्या २० मुगांपैकी ११ रुजले, नळाच्या पाण्यातले १९. पाणी आणखी चार दिवस ताज्या रोपांखाली ठेवल्यावर १७ रुजले. वापरलेली निळी-लाल रोपं मी गोणीत बंद करून वेगळी ठेवली. ती ना नदीत टाकायची, ना गुरांपुढे.