टॉवर स्पीकरचे पाय बदलायचेत? आधी फरशी बघा, मग आटे मोजा

जमिनीवर उभा राहणारा टॉवर स्पीकर घेताना वॅट बघितले जातात, लाकडाचा रंग बघितला जातो. खाली काय लावलंय हे कळतं ते पहिल्यांदा फरशी पुसताना. खोक्यात चार टोकदार स्पाइक आणि चार रबरी टिकल्या असतात, आणि त्यातलं काय लावायचं याबद्दल माहितीपत्रकात जेमतेम दोन ओळी. हे पाय बदलणं अर्ध्या दुपारचं काम आहे. बेळगावकराला तर आणखी सोपं, कारण उद्यमबागेत किंवा मच्छेच्या बाजूला आटे पाडून देणारा लेथ शोधावा लागत नाही.

पाय बदलले की आवाज 'उघडतो', 'श्वास घेतो' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. तिकडे फार लक्ष देऊ नका. डुगडुगणारा स्पीकर घट्ट उभा राहिला तर फरक ऐकू येतो. आधीच घट्ट उभा असलेल्या स्पीकरला महागडे पाय लावून मिळणारा फरक पुष्कळदा इतका बारीक असतो, की स्पीकर चार इंच पुढे ओढल्यावर त्याहून जास्त मिळतो.

खाली काय आहे?

तळमजल्यावरची शहाबादी, कडप्पा किंवा जुना कोबा थेट मातीच्या भरावावर बसलेला असतो. तो स्पीकरच्या धक्क्याने हलत नाही. इथे साधे, रुंद, उंची कमीजास्त करता येणारे पाय पुरतात. शहाबादीची अडचण वेगळी: लादी सपाट नसते आणि दोन लाद्यांमधल्या दर्जा खोलगट असतात, त्यामुळे चारपैकी एक पाय नेहमी हवेत राहतो.

वरच्या मजल्यावर काँक्रीटचा स्लॅब असेल तर बास (खालचे, घुमणारे सूर) थोडा खालच्या घरात उतरतो. रबरी किंवा कंपन शोषणाऱ्या पायांनी तो कमी होतो, पण हवेतून जाणारा आवाज पायांनी अडत नाही. खालच्यांची तक्रार असेल तर आवाजाचं बटणच फिरवावं लागेल. खरा फायदा जुन्या घरांतल्या फळ्यांच्या माडीवर होतो. तिथे अख्खी जमीनच ढोलासारखी वाजते. माडीवर स्पाइक लावले तर धक्का सरळ फळीत जातो. तिथे मऊ पायच हवेत.

शहापूर-वडगावात शेजारी यंत्रमाग असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो. मागाची धडधड भिंतीतून आणि हवेतून थेट तुमच्या कानात येते. स्पीकरचे पाय बदलून ती थांबत नाही. रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याच्याखाली मात्र मऊ पाय जरूर घाला, कारण सुईला ती धडधड कळते.

स्पाइकचा मूळ उपयोग जाड गालिच्याच्या घरांतला. टोक गालिच्यातून आरपार जाऊन खालच्या पक्क्या जमिनीवर टेकतं आणि स्पीकर डुलत नाही. आपल्याकडे फार तर सतरंजी असते. उघड्या व्हिट्रिफाइड टाइलवर स्पाइक ठेवणं म्हणजे टाइलला खोक पाडून घेणं. हिशेब करा: २५ किलोचा स्पीकर, चार पाय, प्रत्येकी सव्वासहा किलो. टोक एक चौरस मिलिमीटरचं धरलं तरी दाब चौरस सेंटिमीटरला सहाशे किलोच्या वर जातो. स्पाइक ठेवायचेच असतील तर प्रत्येकाखाली मधोमध खळगा असलेली पितळी किंवा स्टीलची चकती हवी. काही जण पाच रुपयांचं नाणं ठेवतात. चालतं, पण खळगा नसल्यामुळे झाडूचा धक्का लागला की टोक घसरतं.

आटे ओळखणं

इथे घाई करू नका. बहुतेक चुका इथेच होतात.

अँप्लिफायर बंद करा आणि मगच स्पीकरच्या वायरी सोडवा. फरशीवर चिकटपट्टी लावून चारही कोपऱ्यांच्या खुणा करा, म्हणजे स्पीकर नंतर त्याच जागी परत येईल. जमिनीवर वाकळ पसरा आणि स्पीकर कुशीवर आडवा करा. दोघं लागतात. पाठीवर झोपवला तर मागचे, वायरी जोडायचे टर्मिनल दबतात, पुढच्या बाजूवर झोपवला तर कोनच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, जिवावर बेतेल. उचलताना कोनवर बोटं टेकवू नका.

आता एक जुना पाय काढा आणि व्हर्नियरने आट्यांवरचा व्यास मोजा. ६ मिलिमीटरच्या आसपास असेल तर तो एम-६ (मिलिमीटरी माप) असेल किंवा पाव इंची, म्हणजे दोन सुती. ८ च्या आसपास असेल तर एम-८ किंवा अडीच सुती. नुसत्या व्यासावर हे सुटत नाही. एम-६ चा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, १ मिलिमीटर असतो, पाव इंचीला एका इंचात २० आटे, म्हणजे १.२७. एम-८ चा पिच १.२५, अडीच सुतीला इंचात १८ आटे, म्हणजे १.४१. अमेरिकी बनावटीच्या स्पीकरवर इंची आटे सापडतात. एम-८ चा बोल्ट अडीच सुतीच्या भोकात दोन-तीन फेरे गोड जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर केलात की आतलं, आटे असलेलं पितळी इन्सर्ट (नळी) जागचं सुटून गरगर फिरू लागतं. दुसरीकडे, एम-६ चा बोल्ट पाव इंचीच्या भोकात ढिला बसतो. आज बसला असं वाटतं, पुढे वजनाने आटे झिजतात. पिच मोजायचं गेज नसेल तर नट-बोल्टच्या दुकानात जुना पाय घेऊन जा आणि त्यावर नट फिरवून बघा. हाताने शेवटपर्यंत सहज जाईल तोच खरा.

भोकाची खोलीही हवी. उदबत्तीची काडी आत घाला, कडेशी नखाने धरा आणि बाहेर काढून मोजा. बोल्ट त्याहून लांब असला तर तळाला टेकून इन्सर्टलाच ढकलेल. किमान व्यासाइतका भाग तरी आत राहिला पाहिजे: एम-८ ला ८ मिलिमीटर. उंची जुळवताना पाय बाहेर फिरवलात तरी तेवढा आत उरेल असं माप धरा.

विकत की करवून?

तयार, कंपन शोषणारे पाय मिळतात. आयसोअकूस्टिक्स या कॅनडाच्या कंपनीचे 'गाया' त्यांतले नावाजलेले. घेताना वजन बघूनच घ्यायचे. कारण समजून घेतलं तर साध्या रबरी पायांची निवडही चुकणार नाही. रबर वजनाखाली किती दबतं यावर सगळं ठरतं. १ मिलिमीटर दबलं तर स्पीकर त्यावर साधारण १६ हर्ट्झला (सेकंदाला १६ वेळा) डोलतो, आणि त्याच्या दीडपट वरच्या सुरांपासून कंपन अडायला लागतं. टॉवरचा बास ३५-४० हर्ट्झपर्यंत उतरतो, म्हणजे हे ठीक. पण रबर कडक असून जेमतेम ०.२ मिलिमीटरच दबलं, तर डोलणं येतं ३५ हर्ट्झला, नेमकं बासच्या जागी. असा पाय कंपन अडवण्याऐवजी वाढवतो. रबराचा प्रत्यक्ष आकडा या हिशेबाहून थोडा वरच असतो, त्यामुळे कडक रबर आणखी वाईट. हलक्या स्पीकरला जड स्पीकरचे पाय लावून 'मजबूत' काम केलं असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

टोकदार किंवा सपाट धातूचे पाय हवे असतील तर लेथवर करवून घ्या. कागदावर साधं चित्र काढा: आट्यांचं माप, त्यांची लांबी, खालच्या चकतीचा व्यास, एकूण उंची. शिवाय जुना पाय नमुना म्हणून बरोबर न्या. "मामा, एम-आठ, सव्वा पिच, पंचवीसची लांबी" एवढ्यावर काम होतं. लेथवरचा माणूस कानडी बोलो की मराठी, नमुना दोघांना कळतो. दोन स्पीकरचे आठ पाय आणि आठ चेकनट (पाय जागी घट्ट धरणारे नट) एकाच वेळी करवा. धातू ३०४ चं स्टेनलेस किंवा पितळ घ्या. साधं लोखंड स्वस्त पडेल, पण खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात ते गंजतं, आणि ओल्या फरशीवरचा तांबडा गोल डाग सहजासहजी जात नाही. चकतीखाली फेल्ट चिकटवा. काळं रबर फिक्या फरशीवर वर्षानुवर्षं राहिलं तर डाग सोडतं, पॉलिश केलेल्या लाकडावर तर हमखास.

उंची ठरवताना दोन गोष्टी बघा. काही टॉवरचं बास पोर्ट (हवा आत-बाहेर जायचं भोक) खाली तोंड करून असतं. तिथे कंपनीने ठेवलेलं अंतर बदलू नका. आणि ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला राहू दे. बाकी वीस-पंचवीस मिलिमीटर उंची मिळाली तर बरंच, कारण पोछ्याचं पाणी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) तळाला लागलं की तो फुगतो.

बसवणं

इन्सर्ट आधीच फिरत असेल तर ते बाहेर काढा, भोक कोरडं पुसा, बाहेरच्या अंगाला अराल्डाइट लावून परत बसवा आणि रात्रभर सुकू द्या. आट्यांत गोंद जाऊ देऊ नका.

पायावर आधी चेकनट पूर्ण खाली चढवा, मग वॉशर, मग पाय हाताने भोकात फिरवा. पहिले तीन-चार फेरे हातानेच. अडखळला तर काढून पुन्हा सरळ लावा. चारही सारखे आत गेले की दोघांनी मिळून स्पीकर सरळ उभा करा. एका कडेवर कलंडवून ओढत नेऊ नका, तेवढ्यात एमडीएफचा कोपरा तुटतो.

खुणांवर ठेवल्यावर वर पाणसळ ठेवा. आधी पुढचे दोन आणि मागचा एक पाय फरशीला टेकवून पातळी साधा. चौथा पाय हवेत असला तर चालेल. मग तो बोटाने फिरवत फरशीला टेकेपर्यंत आणा, तिथेच थांबा. जास्त फिरवलात तर शेजारचा पाय उचलतो. वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून हलकेच ढकला. टक्टक् झाली तर पुन्हा जुळवा. शेवटी चेकनट पान्याने तळाशी आवळा. एम-८ ला १३ चा पाना, एम-६ ला १० चा. मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नव्हे. रबरी पायांना वजन बसायला वेळ द्या आणि दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा तपासा.

घरात रांगतं मूल असेल तर नवे पाय जुन्यांपेक्षा आतल्या बाजूला येणार नाहीत हे बघा. अरुंद, उंच टॉवर पुढे कलंडतो. बाहेर निघालेल्या पट्ट्या जोडून पाय रुंद करता येतात. अशा घरात दिसण्यापेक्षा तेच बघावं.

मग ऐका. एकच ध्वनिमुद्रण, एकच आवाज, पाय बदलण्याआधी आणि नंतर. तंबोरा आणि डग्गा असलेलं काहीही चालेल. १९२४ साली आपल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एखादं घ्या, त्यांचे तंबोरे कसे लागलेले असत हे जाणकार सांगतात. डग्ग्याचा घुमारा लांबतो की थापेबरोबर थांबतो, एवढंच बघा. माडी असेल तर स्पीकरपासून हातभर दूर फळीवर तळहात टेकवा. फरक कानाआधी हाताला कळेल.

जुने पाय, स्पाइक आणि चकत्या एका पिशवीत घालून मॉडेलचं नाव लिहून ठेवा. स्पीकर विकायची वेळ आली की गिऱ्हाईक ते मागतंच.