फोन हातात असताना समोरच्या माणसात लक्ष कसं ठेवावं?

फोन कमी वापरायचा असं नुसतं ठरवून तो कमी होत नाही, आणि याचा दोष दरवेळी तुमच्या निश्चयाला देऊ नका. पूर्वी वेबपानाच्या तळाशी 'पुढचं पान' असं बटण असे आणि तिथे हात जरा थांबे. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि तो थांबाच गेला. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल खंत व्यक्त केली. तो थांबा आता आपल्यालाच घालावा लागतो.

१. आधी नुसतं बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधलं 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' उघडा. एकूण तासांवर फार जाऊ नका. नकाशा बघणं आणि रील्स बघणं त्यात एकत्रच मोजलं जातं. दिवसातून फोन किती वेळा उचलला किंवा अनलॉक केला, हा आकडा जास्त बोलका असतो. आठवडाभर काहीही न बदलता तो पाहा.

२. नोटिफिकेशन छाटा. खरा फरक इथेच पडतो, म्हणून सवडीने अर्धा तास काढा. कसोटी सोपी आहे: एखाद्या माणसाने खास तुम्हाला उद्देशून पाठवलेलं चालू ठेवा, अ‍ॅपने स्वतःहून पाठवलेलं बंद करा. 'अमक्याने फोटो टाकला', 'तुमच्यासाठी खास व्हिडिओ', सवलती, ब्रेकिंग न्यूज, सगळं बंद. व्हॉट्सअ‍ॅपचे मोठे ग्रुप कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ग्रुप सोडला की रुसवे होतात. म्यूट केलेलं कुणाला कळत नाही.

३. तातडीच्या फोनची सोय करा. 'कुणाला काही झालं तर?' या धास्तीनेच बहुतेकजण फोन जवळ ठेवतात. धास्ती खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. 'डू नॉट डिस्टर्ब' (फोन वाजू न देणारी सेटिंग) लावा आणि त्यात घरच्यांच्या नंबरांना मुभा द्या. लागोपाठ येणाऱ्या कॉलची सूटही चालू ठेवा. मग त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला, आयफोनवर ३ मिनिटांत किंवा अँड्रॉइडवर १५ मिनिटांत, तर तो वाजतो. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा: अडचण असेल तर लगेच दुसऱ्यांदा करा.

४. फोनला जागा ठरवून द्या. जेवताना आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत असू दे. टेबलावर पालथा ठेवलेला फोन मला निम्माच उपाय वाटतो. फोन नुसता जवळ असला तरी विचार करण्याची क्षमता घटते, असं टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं होतं. नंतरच्या काही अभ्यासांत तसा परिणाम आढळला नाही. तो वाद संशोधकांवर सोडू. पण बोलता बोलता तुमची नजर फोनकडे वळली, तर समोरच्याला ते दिसतंच. गजरासाठी साधं घड्याळ आणा, म्हणजे फोन उशाशी घ्यायचं कारण उरणार नाही.

५. टायमरपेक्षा अ‍ॅप काढून टाका. रोजची मर्यादा लावता येते, पण ती ओलांडणंही अगदी सोपं असतं. सर्वांत जास्त वेळ खाणारं एकच अ‍ॅप फोनवरून काढा. खातं बंद होत नाही. हवं तेव्हा ब्राउझरमधून लॉगिन करता येतं. तेवढ्या खटाटोपात निम्म्या वेळा मन बदलतं.

६. लोकांना सांगा. सहकाऱ्यांना, मित्रांना एक ओळ पुरे: 'रात्री आठनंतर मेसेज बघत नाही, तातडीचं असेल तर फोन करा.' घरात मुलांना नियम लावायचा असेल तर तो आधी मोठ्यांनी पाळायचा. आणि चारचौघांत बसलेले असताना फोन उचलावाच लागला, तर कशासाठी ते बोलून दाखवा: 'गाडीची वेळ बघतोय.' ती बघून झाली की आणखी काही उघडण्याआधी आपोआप विचार होतो.