मिसिंग करणारा सिलिंडर आधी शोधा, नोझल मग खोला

जुन्या इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पाइपने डिझेल दाबणाऱ्या) ट्रकचं इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता, थरथरत असेल, तर एखादा सिलिंडर मिसिंग करत असतो, म्हणजे नीट पेटत नाही; आधी डिझेलमध्ये हवा येते का बघा. फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) ढिला करून हँड प्रायमर (डिझेल चढवायचा हातपंप) मारा. फेस थांबून सलग धार आली पाहिजे. थोडं चालवल्यावर पुन्हा फेस आला, तर हवा टाकी ते फीड पंप या ओढीच्या बाजूने शिरतेय. ही जागा फार फसवते: चालू इंजिनात तिथून डिझेल गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून पाइप बाहेरून कोरडाच दिसतो. या पाइपच्या जोडावरच्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवीन टाका.

हवा नसेल तर गरम इंजिन आयडलला ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) हाय प्रेशर पाइपचा नट अर्धा आटा ढिला करा. चष्मा आणि हातमोजे हवेतच. आवाज बदलला, आरपीएम पडले तर तो सिलिंडर काम करतोय. ज्याने काहीच फरक पडला नाही, तो मेलेला. त्याचं नोझल दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल करा, बुडाचा वॉशर नवा घालून. दोष सोबत गेला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर टॅपेट गॅप (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन आणि पंपाचं एलिमेंट (त्या सिलिंडरला डिझेल दाबणारा भाग) तपासा.

कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) मात्र चालू असताना नटाला हात लावू नका. 1600 बारच्या आसपासची धार कातडीतून आत घुसते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच शस्त्रक्रिया लागते. तिथे स्कॅनरनेच एकेक इंजेक्टर बंद करून बघा.